टाइल न फोडता गळती थांबते का? शॉवरच्या भिंतीवरच्या इलाजांची पारख

शॉवरच्या भिंतीमागची ओल थांबवायला बाजारात जे मिळतं त्याचे ढोबळ पाच प्रकार आहेत. सांध्यांत जिरवायचं पारदर्शक सीलर, टाइलवरून मारायचा पारदर्शक कोट, इपॉक्सी ग्राउट (ग्राउट म्हणजे टाइलांमधले सांधे भरायचा माल), सिलिकॉन आणि टाइलच्या खाली द्यायचं लवचीक लेपन. यांच्या जोडीला भोकं पाडून रसायन दाबणाऱ्यांची सेवा. डब्यांवरचे दावे वाचले तर सगळे एकच काम करतात असं वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येकाचं काम निराळं आहे, आणि पाइपच गळत असेल तर यातला एकही उपयोगाचा नाही. त्यामुळे पारख वस्तूंची असली तरी सुरुवात भिंतीपासूनच करावी लागते.

पाणी मागे जातं कसं

ग्लेझची टाइल स्वतः पाणी पीत नाही, सांधा पितो. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं आणि रोजच्या शॉवरचं थोडं पाणी त्यातून मागे जातंच. त्यात दोष काही नाही. नीट केलेल्या भिंतीत टाइलच्या मागे वॉटरप्रूफिंगचं लेपन असतं, पाणी तिथे अडतं आणि हळूहळू वाळून जातं. लेपन दिलेलंच नसेल, किंवा फरशीला देऊन भिंतीवर जेमतेम वीतभर चढवलं असेल, तर तेच पाणी गिलाव्यात उतरतं, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात साचतं आणि पलीकडच्या खोलीत स्कर्टिंगच्या वर निघतं. डाग जिथे दिसतो तिथेच गळती आहे, हे गृहीत धरून पहिली टाइल फोडली जाते आणि बहुतेक वेळा ती चुकीची असते.

पलीकडे दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी भिंतीतले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रंगाचे पोपडे सुटतात ते याच क्षारांच्या दाबाने. लोणा सतत वाढत असेल तर पाणी अजून चालू आहे. खरवडल्यावर परत आलाच नाही, तर तो जुन्या ओलीचा समजावा.

आणखी एक गोष्ट टाइल बसवतानाच बिघडलेली असते. टाइलच्या पाठीवर चार कोपरे आणि मध्य असे मालाचे पाच गोळे ठेवून ती भिंतीवर दाबली जाते. मधल्या जागा पोकळ राहतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी एका सांध्यातून शिरतं, पोकळ्यांतून आडवं सरकतं आणि तीन टाइल सोडून भलतीकडे बाहेर येतं. छिन्नीच्या लाकडी मुठीने किंवा नाण्याने टाइल ठोकून पाहा. भरीव टाइलचा आवाज बंद येतो, पोकळ टाइल खणखणते. पोकळ टाइलांवर खडूने फुली मारून ठेवा. पुढे कुठला इलाज निवडायचा हे या फुल्यांच्या संख्येवरच ठरतं.

खरेदीच्या आधी: हे पाणी कुठलं?

गळतीचं पाणी तीनच प्रकारचं असू शकतं. दाबाखालच्या पाइपचं, निचऱ्याचं, किंवा भिंतीवर उडणारं. तिघांची लक्षणं वेगळी आहेत आणि ती तपासायला यंत्र लागत नाही, सबुरी लागते.

दाबाच्या पाण्याची ओल बाथरूम वापरा न वापरा, कायम तशीच राहते. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, रात्रभर कुणी पाणी वापरू नये, सकाळी आकडा पाहा. मीटर नसेल तर टाकीची पातळी खूण करून तपासा, मात्र टाकीत येणारं पाणी आधी बंद करून. आकडा हलला तर प्लंबरकडून दाब मोजणारं गेज लावून लाइन तपासून घ्या: नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब, गरम आणि थंड लाइन वेगवेगळी, निदान तासभर. काटा खाली आला तर इथेच थांबायचं. सीलर, ग्राउट, कोट यांचा विचारसुद्धा नको.

या चाचणीत एक पाइप मात्र सुटतो. मिक्सरपासून वर शॉवरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पाइपात शॉवर चालू असतानाच पाणी असतं, म्हणून तिथली गळती मीटर दाखवत नाही. शॉवरचं डोकं काढा, ते ज्या नळीवर बसतं त्या आर्मच्या टोकाला अर्ध्या इंची एंड कॅप टेफ्लॉन लावून बसवा आणि मिक्सर शॉवरच्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं उघडा ठेवा. भिंतीवर एक थेंब न उडता त्या पाइपात पूर्ण दाब येतो. पलीकडची ओल वाढली तर दोष बहुधा आर्मच्या एल्बोत सापडतो. तिथल्या पितळी आट्यांवर टेफ्लॉन कमी गुंडाळलेला असतो, नाहीतर आर्म जास्त आवळल्यामुळे प्लास्टिकच्या फिटिंगला केसाएवढी चीर गेलेली असते.

निचऱ्यासाठी भिंत कोरडी ठेवून बादलीचं पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये ओता. सात-आठ बादल्या, सावकाश. फरशीसाठी ट्रॅपचं तोंड चेंडूने किंवा प्लगने बंद करून बाथरूममध्ये २५ ते ३० मिमी पाणी साठवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि २४ तास ठेवा. उंबरठा कमी उंचीचा असेल तर पाणीही कमी भरा. दोन्ही चाचण्यांत पाण्यात खाण्याचा रंग घातला तर पलीकडे येणारं पाणी ओळखू येतं.

भिंत शेवटी. हँड शॉवरने आधी खालच्या दोन ओळी पंधरा मिनिटं भिजवा, थांबा, पलीकडे पाहा, मग त्याच्या वरच्या ओळी. खालून वर का? वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळी भिंत भिजते आणि काहीच वेगळं काढता येत नाही. प्रत्येक चाचणीनंतर पलीकडच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाका. विटेची भिंत उशिरा बोलते, कधी दुसऱ्या दिवशी. एकाच दुपारी सगळ्या चाचण्या उरकल्या तर उत्तर चुकलंच म्हणून समजा.

डाग छताजवळ किंवा बाहेरच्या थंड भिंतीवर असेल तर तो निव्वळ बाष्पाचाही असू शकतो. डागावर फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून २४ तास ठेवा. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, आतल्या बाजूला आले तर भिंतीतली ओल. वाफ असेल तर एक्झॉस्ट फॅन लावा, बाकी पुढचं वाचायची गरज नाही.

तपासणीला येणारे लोक ओलीचं मीटर आणि थर्मल कॅमेरा घेऊन येतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांच्याकडून जास्त अपेक्षा नको. पिनांचं मीटर क्षार असलेल्या भिंतीवर वाढीव आकडा दाखवतं, म्हणून एका आकड्याला अर्थ नाही. कोरड्या भिंतीशी तुलना हवी. थर्मल कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमानातला फरक पाहतो. गरम पाण्याची लाइन गळत असेल तर तो झकास काम देतो, थंड पाण्याची जुनी ओल असेल तर बऱ्याचदा गप्प बसतो.

सिलिकॉन: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त हयगय

मिक्सरमागची गोल फ्लँज एकदा भिंतीपासून पुढे ओढून पाहा. तिच्यामागे टाइलला पाडलेलं ओबडधोबड भोक दिसेल. पाइप अर्ध्या इंची, भोक दोन-अडीच इंची, मधे उघडा गिलावा आणि काही वेळा विटेचा लाल भुगाही. भिंतीवरून ओघळणारं पाणी फ्लँजच्या वरच्या कडेतून सरळ त्या भोकात जातं. ‘टाइलमागची गळती’ म्हणून ज्याचा बोभाटा होतो, त्यातली बरीचशी ही एवढीच असते. पाइप आणि टाइलमधली फट सिलिकॉनने भरा आणि फ्लँज बसवल्यावर तिची वरची आणि बाजूची कड बंद करा. खालची कड उघडी ठेवा. आत कधी पाणी आलंच तर ते तिथून बाहेर दिसतं, भिंतीत मुरत नाही. शॉवर आर्म, साबणदाणी, टॉवेल रॉडचे स्क्रू, काचेच्या पार्टिशनची खालची पट्टी, सगळीकडे तोच नियम: भोकात आधी सिलिकॉन, मग प्लग आणि स्क्रू. पार्टिशनची पट्टी फरशीत स्क्रूने ठोकली असेल तर तिने खालचं लेपनही भेदलं असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी जागा कोपरे. भिंत-भिंत आणि भिंत-फरशी या सांध्यांत व्हाइट सिमेंट किंवा ग्राउट भरणं चूक आहे, अगदी इपॉक्सीसुद्धा. दोन्ही बाजू तापमानाने आणि वजनाने वेगवेगळ्या हलतात, कडक माल तडकतो, आणि पाणी नेमकं तिथेच जास्त वाहत असतं. तिथे लवचीक सांधाच हवा.

घेताना ‘न्यूट्रल क्युअर’ आणि ‘सॅनिटरी’ असं लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन संगमरवरावर, सिमेंटवर आणि आरशाच्या पाठीवर चालत नाही, धातूलाही गंज आणतं. काच आणि ग्लेझ टाइलपुरतं ते ठीक आहे. सॅनिटरी प्रकारात बुरशीविरोधी द्रव्य असतं. त्यामुळे बुरशी उशिरा येते, कधीच येणार नाही असं मात्र नाही.

लावण्याची रीत साधी आहे, लोक घाई करतात म्हणून फसते. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढा. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. सांधा स्पिरिटने पुसा, दिवसभर कोरडा होऊ द्या. सांधा खोल असेल तर आत फोमची गोल दोरी दाबा. तिच्यामुळे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि मधे ताणायला मोकळं राहतं. तळालाही चिकटलं की लवकर फाटतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नोझल तिरपं कापलेलं, एका दमात रेघ, लगेच बोटाने किंवा पट्टीने गुळगुळीत, आणि साय धरायच्या आत टेप काढा. २४ तास पाणी नको. साधारण ३०० मिलीची नळी ६ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल सांध्याला आठ मीटरच्या आसपास पुरते. एका शॉवरला एक नळी बास.

चाचण्यांत पाइप आणि निचरा निर्दोष निघाले असतील, तर पहिला हात सिलिकॉनचा. मग पंधरा दिवस थांबून डागाची रेघ पाहा.

सांध्याचं सीलर आणि पारदर्शक कोट

हे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायलाही सारखे, पण स्वभावाने एकदम वेगळे.

सीलर म्हणजे सिलेन-सिलॉक्सेन जातीचं पातळ द्रव. ते ग्राउटच्या छिद्रांत शिरून त्यांना पाणी झटकायला लावतं, वर थर धरत नाही. कोरड्या, शाबूत सांध्यांवर ब्रशने दोन हात दिले की पाणी पिणं बरंच कमी होतं. ते वाफ अडवत नाही, ही त्याची जमेची बाजू; आतली ओल बाहेर पडू शकते. तडा मात्र ते भरत नाही. सांध्यात नख जाईल एवढी फट असेल तर सीलर त्यातून पाण्याइतक्याच सहज आत जाईल आणि पुढे पाणीही. टाइलच्या ग्लेझवर पडलेलं पुसून घ्या, नाहीतर चिकट डाग राहतो. साबणाने आणि घासण्याने ते झिजतं, म्हणून वरचेवर पुन्हा द्यावं लागतं. पुन्हा कधी द्यायचं हे पाण्याचा थेंब टाकून ठरवा: थेंब गोल उभा राहिला तर ठीक, सांधा गडद झाला तर वेळ आली. देखभालीची वस्तू म्हणून चांगली, दुरुस्तीची म्हणून नाही.

पारदर्शक कोटाबद्दल मत फारसं चांगलं नाही. टाइल आणि सांधे दोन्हीवर प्लास्टिकसारखा पातळ थर बसतो आणि पहिले काही आठवडे खरंच पाणी थांबतं. पण ग्लेझ गुळगुळीत असतं, त्यावर साबणाचा आणि क्षारांचा अदृश्य थर असतो, आणि भिंतीतली जुनी ओल मागून ढकलत असते. कोट आधी सांध्यांच्या कडेला पांढुरका पडतो, मग फुगतो, मग सोलून निघतो. फरशीवर तो निसरडाही होतो. शिवाय भिंत ओली असताना मारला तर आतलं पाणी आतच कोंडतं आणि पलीकडच्या खोलीतून बाहेर पडायची वाट शोधतं. आणि एकदा कोट मारला की नंतर इपॉक्सी किंवा सिलिकॉन लावायच्या आधी तो खरवडून काढावा लागतो. त्याच्यावर काहीच नीट धरत नाही. घाईची तात्पुरती सोय हवी असेल तरच घ्यावा.

इपॉक्सी ग्राउट

टाइल भरीव आहेत, पाइप ठीक आहे, कोपरे सिलिकॉनने बंद केलेत आणि तरी भिंत भिजवल्यावर ओल येते? मग न फोडता करायचा खरा इलाज हाच. युरोपीय मानकात सिमेंटच्या ग्राउटला सीजी आणि राळेच्या ग्राउटला आरजी म्हणतात. पॅकवर आरजी दिसलं तर ते इपॉक्सी किंवा तत्सम. ‘इपॉक्सी मॉडिफाइड’ असं लिहून सीजी२ असेल तर ते मुळात सिमेंटच. वाईट नाही, पण इपॉक्सीचं काम त्याच्याकडून होणार नाही.

यश-अपयश सगळं जुना सांधा किती खोल काढला यावर ठरतं. निदान दोन-तृतीयांश खोली मोकळी झाली पाहिजे. जुन्या ग्राउटवर मिलिमीटरभर नवं फासलं तर ते पापडीसारखं सुटून येतं, आणि वरून पाहताना काही महिने सगळं छान दिसत असतं. काढायला छिन्नी वापरू नका, टाइलच्या कडा उडतात. हलत्या पात्याचं मल्टिटूल आणि कार्बाइड किंवा डायमंड ब्लेड घ्या. धूळ व्हॅक्युमने ओढा. आणि मग सांधे उघडे ठेवून शॉवर बंद, निदान तीन दिवस, शक्य तर आठवडाभर, पंखा लावून. ओल्या सांध्यावर इपॉक्सी धरत नाही. गिऱ्हाईकाला शॉवर सोमवारी हवाच असतो आणि काम करणारा रविवारी सांधे भरून मोकळा होतो. अर्ध्या तक्रारींचं मूळ या एका घाईत आहे.

राळ, हार्डनर आणि पूड पॅकमध्ये मोजून दिलेली असते. थोडं काम आहे म्हणून अंदाजाने अर्धं-अर्धं घेऊ नका. प्रमाण चुकलं तर सांधा कायम चिकट राहतो. अर्धं करायचंच तर वजनकाट्यावर. कालवल्यावर पाऊण तासाच्या आसपास हातात वेळ असतो, उष्ण हवेत त्याहून कमी. कडक रबरी फ्लोटने तिरक्या दिशेने दाबून भरा, जास्तीचं लगेच ओढून घ्या. मग कोमट पाणी आणि पांढऱ्या पॅडने हलक्या हाताने गोल घासा आणि स्पंजाने निपटून घ्या, पाणी वरचेवर बदलत. टाइलवर राहिलेली धुरकट साय दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर ती साधारण क्लीनरने निघत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या टाइलवर आधी एका कोपऱ्यात करून पाहा.

किती लागेल? टाइलच्या लांबी-रुंदीची बेरीज, भागिले त्यांचा गुणाकार, गुणिले सांध्याची खोली, गुणिले रुंदी, गुणिले १.६. सगळं मिलिमीटरमध्ये घेतलं की उत्तर दर चौरस मीटरला किलोमध्ये येतं. ३०० बाय ६०० ची टाइल, ३ मिमी सांधा, ५ मिमी खोली: ०.१२ किलो. म्हणजे सहा चौरस मीटरच्या शॉवरला पाऊण किलोच्या आत. एक किलोचा पॅक पुरतो. तेच ५० बाय ५० च्या मोझॅइकला चौरस मीटरमागे जवळजवळ एक किलो, आठपट. मोझॅइकवर इपॉक्सीची मजुरी ऐकून दचकू नका, सांधेच तेवढे असतात.

दोन उणिवा. फिके रंग उन्हात पिवळट होतात, खिडकीजवळ करडा रंग बरा. आणि पोकळ टाइल असेल तर ती दाबली की हलते, टाइलच्या कडेने बारीक चीर पडते आणि पाणी पुन्हा सुरू. फुल्या पाचसहा असतील तर तेवढ्या टाइल काढून, पूर्ण माल भरून बसवा आणि मग सांधे भरा. अर्धी भिंत फुल्यांनी भरली असेल तर इपॉक्सीवर खर्च करू नका.

इंजेक्शन

काँक्रीटच्या स्लॅबमधला तडा, त्यातून खाली ठिबकणारं पाणी, तिथे पॉलियुरेथेनचं इंजेक्शन चांगलं काम करतं. तड्याच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशात भोकं, त्यात पॅकर (राळ दाबायची तोटी), दाबाने राळ आत, पाण्याशी गाठ पडली की फेस होऊन तडा बंद. विटेच्या किंवा पोकळ ब्लॉकच्या शॉवर भिंतीत मात्र हीच राळ पोकळ्यांत पसरते, किती गेली ते कळत नाही आणि पाणी शेजारून वाट काढतं. पाण्याने फुगणारी काही रसायनं भिंत वाळली की आकसतातही. त्याहून मोठा धोका म्हणजे ड्रिल लपवलेल्या पाइपात जाण्याचा. खालच्या मजल्याच्या छतासाठी हो, टाइलच्या भिंतीसाठी नाही.

फोडायचंच असेल तर

अर्धी भिंत पोकळ, लेपन नाही, गिलावा भुसभुशीत: अशा वेळी टाइलवरून केलेला प्रत्येक खर्च पाण्यात. ‘फक्त खालच्या दोन ओळी फोडू’ हा सल्ला हमखास मिळतो. भिंतीवर आधीपासून चांगलं लेपन असेल आणि फक्त कोपरा फाटला असेल तरच तो बरोबर, कारण नवं लेपन जुन्यावर निदान १०० मिमी चढवता येतं. वर लेपनच नसेल तर वरून मुरलेलं पाणी नव्या थराच्या मागून खाली उतरतं आणि डाग होता तिथेच राहतो.

वस्तूंत तीन पर्याय. पूड आणि द्रव असं दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट लेपन सगळ्यात भरवशाचं. किंचित दमट पृष्ठभाग चालतो, टाइलचा ॲडहेसिव्ह त्यावर छान धरतो. डब्यातून थेट लावायचं ॲक्रिलिक सोपं आहे, पण बंद, दमट बाथरूममध्ये ते वाळायला डब्यावर लिहिलंय त्याहून खूप जास्त वेळ घेतं, आणि अर्धकच्च्या थरावर टाइल बसवली तर तो पुन्हा मऊ पडतो. पॉलियुरेथेन सगळ्यात ताणतं, मात्र पृष्ठभाग खडखडीत कोरडा लागतो आणि शेवटचा हात ओला असताना त्यावर कोरडी वाळू शिंपडली नाही तर ॲडहेसिव्ह सुटतो. टाइलखाली चालणारं लेपन आहे की नाही हे ईएन १४८९१ या मानकाच्या उल्लेखावरून ओळखा. गच्चीचा कोट टाइलखाली घालू नका. गिलाव्यात मिसळायचं द्रव वेगळं. त्याने गिलावा पाणी कमी पितो, पण तडकला की संरक्षण संपलं. लेपनाला पर्याय म्हणून ते विकलं जात असेल तर नको म्हणा.

जिप्समचा गिलावा किंवा जिप्सम बोर्ड निघाला तर तो पूर्ण काढा, त्यावर कितीही चांगलं लेपन असो. सिमेंटचा गिलावा करून तो पिकू द्या. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात मालाचा गोलसर वाटा काढा, म्हणजे काटकोन भरून गोलाई द्या. कोपऱ्यांत आणि पाइप बाहेर येतो तिथे जाळीची टेप पहिल्या थरातच दाबून बसवा. नहाणी ट्रॅपभोवती लेपन ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत वळवा. पहिला हात आडवा, दुसरा उभा, शक्य तर दोन छटांचा, म्हणजे सुटलेली जागा नजरेला येते. पॉलिमर-सिमेंटच्या १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड ते पावणेदोन किलो लागतं. दोन्ही हात मिळून २ मिमी धरा. एकाच हातात जाड थापलं तर वाळताना तडे जातात. उंची: फरशी पूर्ण, शॉवरच्या भिंती शॉवरच्या तोंडाच्या वर वीतभर, बाकीच्या भिंती फरशीपासून ३०० मिमी. फरशीचा उतार ट्रॅपकडे मीटरला १० ते १२ मिमी. कोनाडा असेल तर त्याच्या तळालाही बाहेरच्या बाजूला उतार हवा, हे हमखास विसरलं जातं.

लेपन पिकल्यावर आणि टाइल बसवायच्या आधी २४ तास पाणी साठवून पाहा. ही चाचणी टाइल लागल्यावर केली तर तिचं मोल निम्मं. मग सी२ वर्गाचा ॲडहेसिव्ह, खाचांच्या थापीने भिंतभर ओढून, टाइलच्या पाठीलाही पातळ हात. मधेच एक टाइल उचकटून पाहा: ओल्या जागेत पाठ किमान ९५ टक्के मालाने भरलेली हवी.

सेवा घेताना

चांगला ठेकेदार पहिल्या भेटीत दर सांगत नाही, चाचणी मागतो. जो भिंत पाहताक्षणी डबा उघडतो त्याला नमस्कार करून निरोप द्या. कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: कुठली वस्तू, दर चौरस मीटरला किती, किती हात, आणि कामानंतर कुठली चाचणी. वॉरंटीत ‘पाइपची गळती वगळून’ ही ओळ असतेच आणि ती रास्तही आहे. म्हणूनच पाइपची दाबचाचणी कामाच्या आधी, दोघांसमोर झालेली हवी, नाहीतर पुढे प्रत्येक डाग पाइपच्या नावावर जातो. वापरलेल्या पॅकांवरचे बॅच नंबर आणि मुदत यांचे फोटो काढून ठेवा. मुदत संपलेल्या पुडीच्या लेपनाला वरून काही दिसत नाही.

पलीकडच्या खोलीचा रंग सगळ्यात शेवटी, आणि बराच शेवटी. विटेची भिंत वाळायला साधारण इंचाला एक महिना हा जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत एका बाजूने टाइलने बंद असेल तर त्याहूनही वेळ लागतो. सुटलेला रंग आणि भुसभुशीत झालेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा, लोणा आला की कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर क्षार परत भिंतीत जातात. ओलीच्या मीटरचा आकडा शेजारच्या कोरड्या भिंतीइतका आला की मग सिमेंटचा गिलावा, आणि त्यावर वाफ जाऊ देणारा रंग. तोवर पलंग किंवा कपाट त्या भिंतीला लावू नका, मागे हवा खेळली पाहिजे.